‘कुएँ की दुल्हन’चा दहावा नंबर

जगातले दहा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते हे ठरवायला माणसाने मे महिन्यात नागपूरला जाऊ नये. तसं कुठल्याच कामासाठी जाऊ नये, पण या कामासाठी तर मुळीच नाही. असलं काही ठरवायला डोकं थंड लागतं, आणि त्या महिन्यात नागपुरात थंड म्हणून एकच वस्तू मिळते, ती म्हणजे माठातलं पाणी. तरी मी गेलो, कारण वसंता देशकरने बोलावलं होतं. वसंता माझा कॉलेजातला मित्र. तो तिकडे एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात चित्रपट मंडळ चालवतो. खरं तर मंडळ चालवून उरलेल्या वेळात पदार्थविज्ञान शिकवतो, पण त्याच्या प्राचार्यांच्या हाती हा लेख पडू शकतो, म्हणून पहिलंच वाक्य खरं धरावं.

मंडळाला दहा वर्षं झाली होती, म्हणून दहा चित्रपट. मी पुण्याच्या एका साप्ताहिकात चित्रपटांवर लिहितो, म्हणून मी. मी यादी करून न्यायची, रविवारी संध्याकाळी मंडळाच्या सभेत वाचून दाखवायची आणि ती मंडळाच्या स्मरणिकेत छापायची, असं ठरलं होतं. यादी मी पुण्यातच मोठ्या विचाराने तयार केली होती. तिच्यात भूत नव्हतं, डाकू नव्हता, गुप्तहेर नव्हता, इच्छाधारी नागीण नव्हती. विनोदी तर काहीच नव्हतं. एका चित्रपटात एक म्हातारी एकदा हसते, पण ती पुढच्याच दृश्यात मरते, म्हणून तो ठेवला होता.

शुक्रवार, धंतोली

वसंताचं घर धंतोलीत आहे. पुण्यात जशा एका गल्लीत एकाला लागून एक खानावळी असतात, तसे धंतोलीत डॉक्टर आहेत. वसंताच्या खाली हाडांचे, समोर लहान मुलांचे आणि बाजूला पोटाचे. स्टेशनवर सायकलरिक्षावाल्याला धंतोली म्हटल्याबरोबर त्याने हळू आवाजात विचारलं, “कोण बिमार हाये जी?” कोणी नाही, असं मी सांगितलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मला सरळ पोटाच्या डॉक्टरांच्या दारात नेऊन उतरवलं.

जिन्यावर रोगी बसले होते. गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सरकून मला जागा दिली आणि नंबर यायला वेळ आहे, तोवर बसा म्हणाला. मला काय होतंय, असंही त्याने आपुलकीने विचारलं. मी म्हणालो, मला काही होत नाही, मी जगातले दहा श्रेष्ठ सिनेमे ठरवायला पुण्याहून आलोय. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “उन्हानं होते असं,” तो म्हणाला. “दुपट्टा बांधत जा डोक्याले.”

वसंताची बायको सुमती हिने जेवायला वडाभात केला होता. वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, सोबत कैरीचं पन्हं. पुण्यात पाहुणा ‘नको’ म्हणाला की यजमान त्याच्या शब्दाचा मान राखतो. इकडे ‘नको’ हा शब्द ऐकूच जात नाही. मी तीनदा नको म्हणालो आणि तीनदा वाढून घेतलं. संत्री मात्र नव्हती. मी चुकीच्या मोसमात आलो होतो, आणि याबद्दल पुढचे तीन दिवस भेटेल त्या माणसाने माझी क्षमा मागितली.

संध्याकाळी नामदेवराव भोयर आले. उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात संत्रा बर्फीचा पुडा. मोसम नसला तर बर्फी तरी, असं म्हणून त्यांनीही क्षमा मागितली. यांची शहराबाहेर, वाडी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला टॉकीज आहे. मूळ शेतकरी घराणं, गावाकडे अजून कापूस आणि तूर होते. तरुणपणी ते जत्रांमधून तंबूतला सिनेमा फिरवायचे. पुढे ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मधोमध त्यांनी पक्की टॉकीज बांधली. आठवडाभर तिथे ट्रक ड्रायव्हर भुताचे आणि मारामारीचे सिनेमे बघतात आणि मंडळाला लागेल तेव्हा सकाळच्या वेळी भोयर ती फुकट देतात. मंडळ जगलं आहे ते त्यांच्यामुळे.

भोयर चांगले दोन तास बसले. ऊन, ट्रक, कूलरला लागणारा वाळा, माझी प्रकृती, सगळ्यावर बोलले. सिनेमाचं नाव नाही. उठताना म्हणाले, “उद्या या जी टॉकीजले. रविवारी बी सकाळी या. रविवारी पोहे हायेत.”

मला पोहे आवडतात, असं मी म्हणालो. वसंताला ठसका लागला.

ते गेल्यावर मी त्याला धरलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. भोयरांची एकुलती मुलगी कुंदा बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवते. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सुरेश बोंडे नावाचा अकाउंटंट आहे. दोघांची पसंती झालेली. अडलं होतं सुरेशच्या वडिलांपाशी. बोंडे मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, नंदनवन नावाच्या वस्तीत राहतात. मुलगी त्यांना पसंत होती, पण टॉकीज नव्हती. ज्या घरावरचं छप्पर हडळीच्या कमाईतून उभं राहिलं, त्या घरची सून मी आणणार नाही, असं ते म्हणत. आणि यात अतिशयोक्ती नव्हती. ‘कुएँ की दुल्हन’ नावाचा एक भुताचा चित्रपट भोयरांकडे इतके आठवडे चालला होता की टॉकीजचं आणि मागच्या घराचं पत्र्याचं छप्पर जाऊन पक्कं झालं होतं.

“बरं मग?” मी विचारलं.

मग असं की बोंडे मास्तर माझ्या साप्ताहिकाचे वर्गणीदार. माझं पान ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. मध्यस्थांनी फार गळ घातल्यावर ते म्हणाले होते, की पुण्याच्या त्या टीकाकाराने हा सिनेमा चांगल्या सिनेमांत धरला, तर माझं काही म्हणणं नाही.

“आणि तू भोयरांना काय सांगितलंस?”

“मी फक्त ‘बघू’ म्हणालो,” वसंता म्हणाला.

पुण्यात ‘बघू’ म्हणजे नाही. नागपुरात ‘बघू’ म्हणजे झालंच समजा. हे वसंताला माहीत होतं, भोयरांना माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

“मास्तर अजून त्यांना ईवाई म्हणत नाहीत रे,” सुमती कळवळून म्हणाली. ईवाई म्हणजे आपला व्याही. इकडे एकदा तो शब्द तोंडातून गेला की साक्षगंध, म्हणजे आपला साखरपुडा, झाल्यासारखंच. चार महिने भोयर त्या शब्दाची वाट बघत होते. मास्तर भेटले की ‘काय भोयर’ म्हणत आणि पुढे जात.

मी चिडलो. लग्नं जमवण्यासाठी मी याद्या करत नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि रागाच्या भरात अर्धा पुडा बर्फी खाल्ली.

शनिवार सकाळ, वाडीचा रस्ता

सकाळी मंडळाचा खेळ होता. चित्रपट माझ्या यादीत दहाव्या क्रमांकावर असलेला, एका थंड देशातला. एक माणूस बर्फात घोड्याची वाट बघतो. घोडा येत नाही. घोडा का येत नाही यावर मी एकदा सलग तीन अंकांत लिहिलं होतं, त्यामुळे लोकांना आधी चार शब्द सांगायला मलाच उभं केलं. मी सांगितलं, की जो पाहताना प्रेक्षक आपलं नाव, गाव आणि घड्याळ विसरतो, तो मोठा चित्रपट. पहिल्या रांगेत छत्री घेऊन बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हे टिपून घेतलं. वसंता कानात म्हणाला, तेच बोंडे मास्तर.

खेळ सुरू झाला. भोयरांनी भल्यामोठ्या पंख्यापुढे वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी सोडलं होतं. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, आत पडद्यावर बर्फ आणि अंगावर वाळ्याचा वारा. इतका योग नागपूरकरांच्या आयुष्यात क्वचित येतो. पंधरा मिनिटांत निम्मं मंडळ झोपलं. मंडळाचे अध्यक्ष डॉ. मेश्राम हे डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी तर चष्मा काढून नीट खिशात ठेवला आणि मगच मान टाकली. घोरण्याचा एक आवाज फार जवळून येत होता. तो थांबला तेव्हा वसंताचं कोपर माझ्या बरगडीत होतं.

खेळानंतर डॉ. मेश्राम म्हणाले, डोळ्यांना अशी विश्रांती देणारा चित्रपट त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. हे त्यांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं, त्यामुळे मी त्यांचे आभार मानले.

टॉकीजच्या मागेच भोयरांचं घर. मधे अंगण, अंगणात विहीर. जेवायला पाटवडी रस्सा होता. पाटवड्या आपल्याकडे असतात तशा, पण रस्सा असा की पहिल्या घासाला मी माझं नाव विसरलो आणि दुसऱ्याला गाव. वाढायला कुंदा होती. सडपातळ, चष्मा लावणारी, शाळामास्तरणीच्या नजरेने ताटाकडे बघणारी. भोयर हात धुवायला उठले तेवढ्यात ती समोर बसली.

“सर, तुमचा लेख मी वाचला,” ती म्हणाली. “भुताचा सिनेमा म्हणजे पडद्याला झालेलं अजीर्ण. तोच ना?”

मी मान डोलावली. तोंडात आग लागलेली असताना माणूस जास्त काही करू शकत नाही.

“त्याच्यात ‘कुएँ की दुल्हन’चं नाव घेतलं तुम्ही. तुम्ही पाहिला का तो?”

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, की अशा चित्रपटांची एक ठरीव पद्धत असते, आणि जाणकाराला जाहिरातीच्या फलकावरूनही पुष्कळ कळतं.

“म्हणजे नाही पाहिला.” ती हसली नाही की चिडली नाही. “मले खोटं सर्टिफिकेट नको, सर. सासरी गेल्यावर ते माह्याच गळ्यात पडंल. तुम्हाले भंगार वाटला तं भंगार म्हणा, मी दुसरं काही पाहीन. पण आधी पाहा. न पाहता तं लोक पोरीले बी नाही म्हणत नाहीत.”

मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तो झालाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बघायला येईन असं मी तिला सांगितलं.

शनिवार संध्याकाळ, नंदनवन

तत्पूर्वी वसंताने मला बोंडे मास्तरांकडे नेलं. स्वच्छ सारवलेलं अंगण, भिंतीवर शाळेतल्या निरोपसमारंभाचा फोटो. मास्तर माझ्याशी बोलताना मुद्दाम पुस्तकी मराठी बोलत होते. बायकोशी मात्र ‘पाणी आण वं’ असं साधं. माझी वाक्यं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. अजीर्णाचं वाक्य त्यांनी उभं राहून म्हटलं.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना लेखकाला गुदगुल्या होतात. मलाही झाल्या असत्या, पण खिडकीत त्यांचा मुलगा सुरेश उभा होता. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की जणू अजीर्ण त्यालाच झालंय. मी विषय बदलून मास्तरांना विचारलं, तुम्ही तरी तो सिनेमा पाहिला आहे का?

“छे,” मास्तर म्हणाले. “आपण लिहिल्यावर पाहण्याची गरज उरली नाही.”

मी न पाहता लिहिलं म्हणून यांनी पाहिला नाही, आणि त्यावर एक लग्न चार महिने अडून बसलं होतं. मी त्यांना सकाळी माझ्याबरोबर पोह्याला यायची विनंती केली. पोह्याला म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. मुलाच्या बापाने दोनदा पोहे खायची पद्धत नाही, असं ते म्हणाले. पण मी बोलावलं म्हणून यायला कबूल झाले.

रविवार

टॉकीजच्या बाल्कनीत पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर धुतलेल्या चादरी. भोयर नवा दुपट्टा खांद्यावर टाकून दारात हात जोडून उभे. कुंदाने पोह्यांच्या बश्या आणल्या. इकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. मी भीत भीत अर्धी पळी घेतली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात जसे सगळे एकमेकांची नजर चुकवतात तसं चाललं होतं. शेवटी मीच कुंदाला म्हटलं, आज नेमकं बघायचं कुणाला?

“नवरी पडद्यावर येईल, सर. मी आज नुसती पोहेवाली,” ती म्हणाली. मास्तरांनी बशीत बघत खाकरल्यासारखं केलं.

खाली सगळी टॉकीज भरलेली होती. भोयरांनी ड्रायव्हर लोकांना आवतण दिलं होतं. रिकाम्या टॉकीजमध्ये भूत बी येत नाही, असं त्यांचं मत. मी वही-पेन्सिल काढली. मास्तरांनी लाल पेन्सिल काढली.

पहिल्या तासाभरात मी दोन पानं भरली. हवेलीचे खांब प्लायवुडचे. चंद्राला लावलेली तार दिसते. नायक घोड्यावर बसतो तेव्हा घोडा कंटाळलेला दिसतो, पण निदान घोडा येतो. गोष्ट अशी, की लग्नाच्या दिवशी विहिरीत पडलेली एक नवरी त्या हवेलीत पुन्हा कोणाचं लग्न निघालं की वर येते. तिचा चेहरा दिसत नाही. ती सुद्धा दिसत नाही. दिसतात फक्त फरशीवर उमटत जाणारी ओली पावलं. मधूनच बांगड्या वाजतात.

पावलं पहिल्यांदा उमटली तेव्हा मी लिहिलं, ‘सोपी युक्ती’. दुसऱ्यांदा उमटली तेव्हा ‘सो’ एवढंच लिहिलं. तिसऱ्यांदा ती पावलं नव्या सुनेच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. मग बराच वेळ काही झालं नाही. खाली ड्रायव्हरांपैकी कोणीतरी “बहनजी, दरवाज़ा मत खोलना” असं अगदी हळू, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणालं. त्या माणसांनी हा सिनेमा कितीदा तरी पाहिलेला होता. तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. ती वळली, आणि खोलीच्या आत, तिच्या पलंगापर्यंत, पावलं गेलेली होती.

त्याच क्षणी वाळ्याच्या ताटीवर कोणी पाणी सोडलं आणि ओला गार वारा माझ्या मानेवर आला. माझ्या हातावर काहीतरी थंड पडलं. तो बोंडे मास्तरांचा हात होता. मी तो झटकला नाही. उलट घट्ट धरला, आणि पुढचा सिनेमा आम्ही हेडमास्तर आणि टीकाकार असे दोघं, यात्रेत हरवू नये म्हणून पोरं धरतात तसे, एकमेकांना धरून बसलो. शेवटी नवरी वर येते आणि वळते. तिथे मी डोळे गच्च मिटले. टॉकीजमधून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला, मग शिट्ट्या, मग दिवे.

आम्ही दोघांनी आपापले हात पाहिले आणि ते सोडवून घेतले.

“बालिश,” मास्तर म्हणाले.

“अगदी,” मी म्हणालो.

दोघांनाही लघवीला जायचं होतं. मुतारी मागच्या अंगणात, विहिरीच्या पलीकडे. बारा वाजताचं नागपूरचं ऊन, सावली औषधालाही नाही. मास्तर दारात थांबले आणि मला म्हणाले, आपणही येताय ना? मी म्हणालो, हो हो, चला. आम्ही विहिरीला लांबून वळसा घालून गेलो आणि तसाच वळसा घालून परत आलो. कुंदा ओसरीवर बश्या विसळत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

दुपारभर मी वसंताच्या घरी यादी पुढ्यात घेऊन पडलो होतो. मला राग येत होता आणि तो कोणाचा येतोय ते कळत नव्हतं. बर्फातला तो चित्रपट मी चार वेळा पाहिला होता आणि त्यातलं मला काय आठवत होतं? माझे लेख आठवत होते. ही पावलं मात्र समोरच्या कोरड्या फरशीवर दिसत होती. सुमती ओल्या पायांनी स्वयंपाकघरातून आली तेव्हा मी उठून बसलो. लग्नाचा विचार मनात नव्हता, असं म्हणणार नाही. सुरेशचा चेहरा अधूनमधून येत होता. पण कुंदाने खोटं सर्टिफिकेट नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मला खरंच विचार करावा लागला. याद्या करताना तो सहसा लागत नाही.

संध्याकाळची सभा वाचनालयाच्या सभागृहात झाली. डॉ. मेश्राम अध्यक्ष. पहिल्या रांगेत मास्तर, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून भोयर, त्यांच्या शेजारी कुंदा. सुरेश दाराशी उभा. मी नऊ नावं वाचली. लोकांनी माना डोलावल्या, जशा त्या न पाहिलेल्या चित्रपटांना डोलावतात. मग दहावं नाव वाचलं.

वसंताने डोळे मिटले. मी म्हणालो, की मोठ्या चित्रपटाची जी खूण मी काल सांगितली ती आज सकाळी मला पटली. मी नाव, गाव आणि घड्याळ विसरलो. माझ्या शेजारी बसलेले एक विद्वान गृहस्थही विसरले असावेत असं मला वाटतं, पण त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. एवढं बोलून मी खाली बसणार, तोच मास्तर छत्री टेकून उभे राहिले.

भोयरांनी भिंत सोडली.

“आपल्या निर्णयाला माझा आक्षेप आहे,” मास्तर म्हणाले. “आपली व्याख्या मी टिपून घेतली आहे. त्या व्याख्येत हा चित्रपट बसतो, हे आपण मान्य केलेत. मीही, काही अंशी, करतो.” इथे पुस्तकी मराठी सुटली. “मंग दहावा काहून?”

काहून म्हणजे का हे कळलं, पण प्रश्न कळला नाही.

“आमच्या घरी येणाऱ्या पोरीच्या बापाचा सिनेमा,” मास्तरांचा आवाज चढला, “आन् त्याले शेवटला नंबर? चाळीस वर्षं पोरायले नंबर दिले मी. दहातला दहावा म्हणजे काठावर पास. लोक काय म्हणतीन? पाचाच्या आत पाहिजे.”

डॉ. मेश्रामांनी सहावा सुचवून पाहिला. मास्तर चौथ्यावर अडले. मी म्हणालो, दहाव्याच्या वर मी जाऊ शकत नाही, मला पुण्याला परत जायचंय आणि तिथे माझे संपादक आहेत. मास्तरांनी माझ्याकडे पाठ केली आणि शेवटच्या रांगेकडे वळून छत्री उगारली.

“अहो ईवाई, तुम्ही काहून चूप उभे राहिले तिकडं? तुमचा सिनेमा हाये. बोला ना!”

कुंदाने चष्मा काढला. भोयरांनी तिथूनच हात जोडले.

“राहू द्या ना, ईवाई,” ते म्हणाले. “दहावा तं दहावा. माहा नंबर लागला आता.”

सुमतीने पदराने डोळे पुसले. दाराशी सुरेश नव्हता. तो केव्हाच आत जाऊन भोयरांच्या पाया पडत होता. मलाही भरून आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. डॉ. मेश्राम माइकवरून म्हणाले, की यादी एकमताने मंजूर झाली आहे आणि चहा मागच्या दाराने येत आहे.

सोमवार, स्टेशन

गाडीवर पोचवायला वसंता आला होता, आणि बर्फीचे दोन पुडे घेऊन बोंडे मास्तर. लग्नाची तारीख लवकरच कळवतो, असं त्यांनी सांगितलं. संत्र्यांच्या मोसमातच धरू, म्हणजे आपल्याला पुढच्या खेपेला नीट खायला मिळतील, असंही म्हणाले. वसंता पाण्याची बाटली भरायला गेला तेव्हा त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि खिडकीच्या गजांना अगदी तोंड लावलं.

“सर, एक विचारायचं होतं. शेवटी ती नवरी वळते, तेव्हा तिचा चेहरा कसा असतो?”

“का? तुम्ही पाहिलात ना?”

“माझ्या डोळ्यांत काही गेलं होतं. तेवढ्यात.” त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. “पण आपण तर पाहिलाच असणार. आपण यादीत घातलाय.”

गाडीने शिट्टी दिली. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि खोटं बोलणं काही जमलं नाही.

“माझ्याही डोळ्यांत काही गेलं होतं, मास्तर.”

गाडी हलली. मास्तर छत्री काखेत धरून खिडकीबरोबर चालू लागले.

“काही हरकत नाही जी,” ते म्हणाले. “कुंदाले विचारतो. आता ती घरातच येणार हाये.”